नवरा मंदीवर (अरबी मटण-भात) शेंगाची चटणी टाकतो, चालेल का?

रंकाळा_ते_कंबर

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी मूळची कोल्हापूरची, सहा वर्षांपूर्वी सोलापूरची सून झाले. दोघंही नोकरीवाले, पोरगी लहान. गेल्या दिवाळीत ठरवलं की महिन्यातनं एका शनिवारी पोरगीला सासूबाईंकडे ठेवून दोघांनीच बाहेर जेवायचं आणि ते पण आयुष्यात कधी न खाल्लेलं काहीतरी, दुसऱ्या देशातलं. अटी तीनच. मोठं एसी हॉटेल नको, गल्लीबोळातलं छोटं ठिकाणच पाहिजे. दोघांत बिल सहाशेच्या वर जाता कामा नये. आणि पनीर मागवायचं नाही. (तिसरी अट माझी, कारण आमचे हे मेनूकार्ड न उघडताच पनीर म्हणतात.)

आत्तापर्यंत चार झाले. पहिल्यांदा विजापूर रोडला एका नेपाळी दादाच्या गाड्यावर वाफेचे मोमो. मग एका कॉलेजजवळच्या कॅफेत कोरियन रामेन म्हणजे सूपमधले नूडल्स, तिथे आम्ही दोघं सोडून सगळी अठरा-वीस वर्षांची पोरं, आमच्याकडे पालकसभेला आल्यासारखं बघत होती. तिसरं जुळे सोलापुरात एक कॅफे आहे, मालक पूर्वी जहाजावर कुक होता, त्याच्याकडचं साते म्हणजे इंडोनेशियाचं काडीला लावून भाजलेलं चिकन. आणि चौथी गेल्या शनिवारी मंदी, खाली बसून एकाच मोठ्या थाळ्यात.

आता मुद्दा. आमच्या ह्यांच्या खिशात कायम शेंगाच्या चटणीची पुडी असते. कायम म्हणजे लग्नात शेरवानीच्या खिशात पण होती, मी स्वतः बघितलीय. मंदी आली, काय तो वास, काय तो मोकळा मोकळा भात, मी फोटो काढेपर्यंत ह्यांनी पुडी सोडून अर्ध्या थाळ्यावर चटणी भुरभुरवली पण. वाढणारा पोरगा बघतच राहिला. मला इतकी लाज वाटली की काही विचारू नका. सात रस्ता चौकापर्यंत भांडलो, सिग्नलला शेजारचा रिक्षावाला ऐकत होता.

त्यांचं म्हणणं, पैसे मी दिलेत, ताट माझं. माझं म्हणणं, मग घरातच बसून भाकरीवर चटणी खा की, बाहेर कशाला जायचं? आणि ताट एकट्याचं नव्हतं, तो थाळा दोघांचा होता!

तर प्रश्न दोन. एक, हा त्या स्वयंपाक्याचा अपमान आहे की नाही? दोन, सोलापुरात असं अजून काय काय कुठे मिळतं?

टॉवेलवाला

चटणी कुठली होती ते आधी सांगा, मग मत देतो.

होटगीरोड

ताई, शंभर टक्के तुमच्या बाजूने. पहिले चार घास जसंच्या तसं खायचं, मग काय टाकायचं ते टाका, एवढा साधा नियम आहे. चव बघायच्या आधीच चटणी टाकणं म्हणजे न ऐकताच उत्तर देणं.

बाळीवेशीतला

असले हजार नवरे आहेत सोलापुरात. मी मुंबईला ट्रेनिंगला गेलो तेव्हा बॅगेत चार शर्ट आणि एक किलो चटणी होती. शर्ट परत आले.

पुण्यातून_परत

राग मानू नका, पण सोलापुरात 'दुसऱ्या देशातलं' खाणं हीच मुळात विनोदाची गोष्ट आहे. इथे मिळतो तो मोमो नाही, मैद्यात भरलेला कोबी. रामेन म्हणून पाकिटातले नूडल्स उकळून वर अर्धं अंडं ठेवतात. ऑथेंटिक खायचं असेल तर पुण्याला या. चटणी टाकली काय आणि न टाकली काय, खराब होण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

बाळीवेशीतला

आला बघा. काय करलालास बे इथं, पुणे लई चांगलं आहे तर परत कशाला आलास?

पुण्यातून_परत

वर्क फ्रॉम होम.

सुशीला_मावशी

पाणी पाच दिवसांनी येतं, बाहेर ऊन ४२ आणि तुम्ही गरम सूप पिऊन घाम काढता. तब्येतीला जपा गं पोरींनो. मोमो वाफेचेच खा, तळलेले नको.

चिप्पा_मार्केट

@पुण्यातून_परत, ऑथेंटिकचं कौतुक आम्हाला सांगू नका. मी पद्मशाली, घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, दोस्त सगळे उर्दू बोलणारे. लहानपणी डावीकडच्या घरात पुरणपोळी नाहीतर होळीगे (कन्नड पुरणपोळी), उजवीकडे ईदचा शीरखुर्मा आणि आमच्यात चिंचेचं आंबट पुलुसू. परक्याचं खाणं काय असतं ते आम्ही तिकिटाशिवाय शिकलो. आणि प्रत्येक घर दुसऱ्याचा पदार्थ आपल्या हातानं बिघडवायचं. माझी आई शेजारच्या काकूंची आमटी करायची त्यात चिंच दुप्पट. काकू खाऊन म्हणायच्या, छान झालीय पण ही आमची नाही. त्यात कुणाचा अपमान झाला नाही कधी.

पण हां, काकूंच्या ताटात आईनं चिंच ओतली नाही, आपल्या घरी आपल्या पातेल्यात ओतली. त्यामुळे थाळ्याच्या मुद्द्यावर मी ताईंच्या बाजूने. अर्धी रेघ मारून आपल्या बाजूला टाकायला पाहिजे होती.

होटगीरोड

भाताच्या थाळ्यात बांध घालायचा म्हणताय! मग सातबारा पण वेगळा करा.

पॅसेंजरने_सिकंदराबाद

मंदीबद्दल थोडं लिहितो, कारण माझी सासुरवाडी हैदराबाद. हा पदार्थ येमेनचा, त्यातही हद्रमौत भागातला. निजामाच्या फौजेत तिकडचे अरब शिपाई होते, त्यांची वस्ती म्हणजे आजचं बारकस. नाव पण बॅरक्सवरनंच पडलंय. आज जो तो मंदी मंदी करतोय त्याची हैदराबादेतली मुळं तिथे आहेत आणि तिथून ३०० किलोमीटरवर आपण, मग सोलापुरात येणारच ना.

मूळ पद्धत अशी की जमिनीत खड्ड्याची भट्टी, तळाला निखारे, त्यावर भाताचं भांडं आणि वर मटण टांगलेलं. मटणाची चरबी थेंब थेंब भातात पडते. मसाला आपल्या बिर्याणीच्या मानानं एकदम कमी, सगळी मजा त्या धुराची आणि चरबीची. म्हणून आपल्या माणसाला पहिल्या घासाला ते सपक लागतं आणि हात खिशाकडे जातो.

पण गंमत पुढे आहे. येमेनी लोक मंदी कोरडी खात नाहीत. सोबत सहावक असतं, म्हणजे टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण वाटून केलेली पातळ चटणी. तुम्हाला पण एक लाल वाटी दिली असणार. तेव्हा भातावर तिखट टाकणं हे त्यांच्यातच आहे. तुमच्या मिस्टरांनी फक्त ब्रँड बदलला.

रंकाळा_ते_कंबर

दिली होती वाटी!! ह्यांनी ती मला सरकवली, "तू घे, मला टोमॅटो नको" म्हणून. तुमचा प्रतिसाद मी त्यांना दाखवणार नाहीये.

नवी_पेठ_नेट_कॅफे

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पॉपकॉर्नवर चटणी टाकलीय.

निवृत्त_जॉबर

आम्ही लहान असताना उडप्याचा मसाला डोसा म्हणजेच परदेश होता. मग १९८५-९० च्या सुमारास चायनीजच्या गाड्या आल्या, लाल कापडावर ड्रॅगन काढलेला आणि आत आपलाच माणूस. मंचुरियन तर चीनमधलं नाहीच, मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये ते पहिल्यांदा केलं. तेव्हा ऑथेंटिकचा वाद घालणाऱ्यांनी जरा दमानं.

खरं सांगायचं ते वेगळंच आहे. मी गिरणीत जॉबर म्हणजे मुकादम होतो. इथलं काम जायला लागलं तेव्हा एका ओळखीनं नायजेरियाला गेलो, कानो शहरात, तिथल्या कापड गिरणीत. चार वर्षं काढली. जाताना बायकोनं दोन किलो चटणी दिलेली, ती दोन महिन्यांत संपली. मग खायचे हाल. भात, केळी आणि पाव, दुसरं काही कळायचं नाही कसं मागायचं.

एक दिवस पाळी सुटल्यावर आमच्या खात्यातला एक हौसा जमातीचा पोरगा मला ओढून रस्त्याच्या कडेला घेऊन गेला. तिथे एक म्हातारा निखाऱ्याभोवती काड्या रोवून मटणाचे पातळ काप भाजत बसलेला. त्याला म्हणतात सुया. भाजून झालं की तो कागदावर काढायचा, कच्चा कांदा, टोमॅटो, आणि वर एका डब्यातनं लालसर भुकटी मूठभर. त्या भुकटीला याजी म्हणतात. मी पहिला घास तोंडात घातला आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. शेंगदाणे! तेल काढलेल्या शेंगदाण्याची कुटलेली पेंड, त्यात लाल मिरची, सुंठ, मीठ. लसूण कमी होता एवढंच. घरापासून हजारो मैलांवर एक म्हातारा मटणावर आपली चटणी भुरभुरवतोय.

मी त्या पोराला हिंदी-इंग्रजी-हातवारे करून सांगायला लागलो की हे आमचं आहे. तो म्हणाला, नाही, हे आमचं आहे. वाद काही मिटला नाही. नंतर कळलं की कानो म्हणजे एकेकाळी शेंगदाण्याचं मोठं ठाणं, निर्यातीला जाणाऱ्या पोत्यांचे पिरॅमिड रचून ठेवायचे, त्यांचे फोटो टांगलेले असायचे तिकडे. मी गेलो तोपर्यंत ते पिरॅमिड गेले होते. आणि ज्वारी पण होती. तिच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवतात, तुवो म्हणतात, भेंडीच्या बुळबुळीत कालवणात बुडवून खातात. भाकरी थापायची मात्र कुणाला माहीत नव्हती, मी थापून दाखवली तर सगळ्या खोल्या बघायला जमल्या.

तेव्हा सूनबाई, तुमच्या यजमानांना सांगा, मटणावर चटणी टाकायला ते पहिले नाहीत.

टॉवेलवाला

काका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका की. थापलेल्या भाकरीचं पुढं काय झालं?

निवृत्त_जॉबर

तिसरी मोडली, मग हसू झालं. पीठ जाड होतं हो.

चिप्पा_मार्केट

काका __/\__

आणि गंमत म्हणजे मूळ बघायला गेलं तर शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातले आणि ज्वारी आफ्रिकेची. म्हणजे कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हेच सोलापुरातलं सगळ्यात जुनं इंटरनॅशनल जेवण. लसूण पण आपला नाही म्हणे, मध्य आशियाकडचा.

बाळीवेशीतला

कशाला डोकं खालालास बे, आता ताटात आपलं काय शिल्लक ठेवणार आहेस? मीठ?

होटगीरोड

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी बघतच नाहीये म्हणून लिहिते. जहाजावरच्या कुकचा जो कॅफे ताईंनी लिहिलाय तिथे मी पण गेले होते, चांगला आहे, साते सोबत शेंगदाण्याचा दाट रस्सा देतो, नारळाचं दूध घालून, गोडसर. तिथे तुमच्या मिस्टरांनी काय केलं ते सांगा आधी.

आणि एक वाईट अनुभव. नाव घेत नाही. एका नव्या ठिकाणी हुमुस मागवलं, म्हणजे काबुली चणे, तीळ वाटून केलेली ताहिनी, लिंबू, लसूण. आलं ते काय तर वाटलेले चणे आणि भरपूर मेयोनीज. ताहिनी कुठेय विचारलं तर पोरगा म्हणतो मॅडम ती संपली. मी म्हटलं अरे तिळाचं कूट घाल, संक्रांत आत्ता झालीय, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठून आठ दिवस नाही झाले, सोलापुरात तीळ मिळत नाहीत होय? दीडशे रुपये गेले. फलाफल पण शिजवलेल्या चण्याचे, आतनं लगदा. चणे नुसते भिजवून कच्चेच वाटायचे असतात, आपल्या डाळवड्यासारखे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझं म्हणणं एवढंच की आपल्या पद्धतीनं करा, पण आपल्या पद्धतीचं तरी नीट करा.

पुण्यातून_परत

मी तेच म्हणत होतो.

होटगीरोड

नाही, तुम्ही ते म्हणत नव्हता.

पुडीवाला

नमस्कार. नवीन सभासद. खातं आत्ताच उघडलं. ज्यांच्याबद्दल हा धागा आहे तो मीच.

तीन गोष्टी सांगतो. एक, चटणी अर्ध्या थाळ्यावर नाही, पाव थाळ्यावर होती. दोन, सातेच्या वेळी पुडी काढली नव्हती कारण तो रस्साच शेंगांचा होता, मी त्याला दुसरी वाटी मागितली, मालक खूश झाला. तीन, आमच्या स्वयंपाकघरात वरच्या कप्प्यात एक बरणी आहे, त्यात माहेरचा कांदा-लसूण मसाला. माझी आई सहा वर्षं वांग्याची भाजी करते आणि सहा वर्षं आमच्या सौ. ती ताटात घेतल्यावर वरनं तो मसाला घालतात. आईसमोर. आई काही बोलत नाही. मी पण कधी बोललो नाही. आज बोललो.

बाळीवेशीतला

आरारारा

नवी_पेठ_नेट_कॅफे

पॉपकॉर्न संपले, कुणीतरी आणा.

सुशीला_मावशी

जावयासारखे बोललात हो. पण घरातलं असं चारचौघांत लिहू नये.

रंकाळा_ते_कंबर

@पुडीवाला, बरणी वरच्या कप्प्यात आहे हे तुम्हाला माहीत आहे आणि साखर कुठेय ते सहा वर्षांत सापडलं नाही?

(मसाल्याचं खरं आहे. सासूबाईंना मी विचारलं होतं पहिल्या वर्षी, त्या म्हणाल्या घाल गं. विचारलं होतं! फरक तिथे आहे.)

टॉवेलवाला

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. चटणी कुठली? उखळात कुटलेली की मिक्सरची?

पुडीवाला

कुटलेली. मिक्सरची चटणी मी गाडीच्या डिकीत पण ठेवत नाही.

टॉवेलवाला

मग टाकली ते योग्य केलं. कुटताना शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि मिरची-लसूण त्यात मुरतो, मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो. कुटलेली जरा ओलसर गोळा धरते, भाताला चिकटून राहते.

चिप्पा_मार्केट

मिक्सर पल्सवर थांबून थांबून फिरवला तर येते तशीच. सगळ्यांच्या घरी उखळ नसतं हो.

टॉवेलवाला

नाही येत.

चिप्पा_मार्केट

येते. या घरी.

टॉवेलवाला

रविवारी येतो.

(पुढचे अकरा प्रतिसाद उखळ विरुद्ध मिक्सर, ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)

रंकाळा_ते_कंबर

मंडळी, अपडेट देते, कारण काल परत गेलो होतो. पाचवा शनिवार होता, पण पाऊस आणि पोरगी सोबत, म्हणून लांब न जाता पहिल्याच ठिकाणी, मोमोवाल्या दादाकडे.

जायच्या आधी करार झाला. पहिले चार घास कोरे, मग पुडी, आणि पुडी काढायच्या आधी करणाऱ्याला विचारायचं. तर ह्यांनी विचारलं. हिंदीत, इतकं अवघडून की जसं काही कर्ज मागतायत. "भैया, अगर हम इसके ऊपर हमारा चटणी डालेगा तो आपको बुरा तो नहीं लगेगा ना?" दादा आधी पुडीकडे बघायला लागला, चिमूट घेतली, तोंडात टाकली. मग म्हणाला इसमें टिमुर नहीं है. टिमुर म्हणजे त्यांच्याकडचं मिरीसारखं दिसणारं फळ, चावलं की जीभ झिणझिणते, आपल्या तिरफळाच्या भाऊबंदातलं. त्यांच्या घरी मोमोचं अचार करताना टोमॅटो, तीळ, कधी भाजलेले शेंगदाणे आणि टिमुर वाटतात म्हणे. गाड्यावर मात्र तो लाल झणझणीत सॉस देतो कारण गिऱ्हाईक तेच मागतं. मी विचारलं तुमचं घरचं अचार का नाही ठेवत? तर म्हणाला ठेवलं होतं पहिले दोन महिने, लोक म्हणायचे हे काय, लाल दे.

मला जरा कसंतरीच झालं ऐकून. म्हणजे मी ज्याला मोमोची खरी चटणी समजत होते आणि जिच्यासाठी ह्यांच्याशी भांडायला तयार होते ती मुळात आपल्या लोकांसाठीच केलेली.

पुढच्या शनिवारी तो घरचं अचार करून आणणार आहे, आमच्यापुरतं. बदल्यात पावशेर चटणी मागितलीय, गावी पाठवायला नाही, स्वतःला खायला. पोरगीनं सात मोमो खाल्ले, तिला काहीच लावायला लागलं नाही.

पुडीवाला

अर्धा किलो म्हणाला होता.

निवृत्त_जॉबर

सूनबाई, टिमुर उरलं तर चार दाणे बाजूला ठेवा माझ्यासाठी. विजापूर रोडला नेमका कुठे उभा राहतो तो?

टॉवेलवाला

मी पण येतो. चटणी मी आणतो, कुटलेली.

चिप्पा_मार्केट

मी मिक्सरची आणतो. दादाला डोळे मिटून खायला लावू.